गणिताची फी आणि तासांचा खाडा

संसार, नोकरी सांभाळून गणिताची राहिलेली पदवी पूर्ण करायची किंवा एखादा विषय नव्याने शिकायचा, तर खर्च किती येतो? रुपयांचा हिशेब सोपा आहे. तासांचा जास्त अवघड आहे, म्हणून तो आधी मांडावा लागतो.

माझं एस.वाय. झालं त्या उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि टी.वाय. राहिलं. वीस वर्षांनी पुन्हा वही उघडली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संध्याकाळी सातला. पहिलंच गणित होतं: क्ष ३ कडे जात असताना क्ष-वर्ग ९ कडे जातो, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करा. उत्तर शाळेतलं पोरही सांगेल, पण इथे सिद्धता हवी. क्ष-वर्ग वजा ९ चे अवयव पाडले, क्ष वजा ३ आणि क्ष अधिक ३. पहिला आपल्याला हवा तितका लहान करता येतो. दुसरा मोकाट आहे, त्याला आधी बांधावं लागतं. क्ष ला ३ पासून एकच्या आत ठेवलं की क्ष अधिक ३ सातच्या वर जात नाही. मग १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांत जो लहान तो डेल्टा. सगळी मिळून चार ओळी. पण ‘आधी दुसऱ्याला बांधायचं’ हे डोक्यात येतंय न येतंय तोच कुकरची तिसरी शिट्टी झाली, लेकीने ‘आई, पट्टी कुठंय?’ विचारलं, आणि परत येऊन बसले तेव्हा ते सात कुठून आले हेच आठवेना. त्या चार ओळींना तीन संध्याकाळी लागल्या.

त्या आठवड्यात कळलं की या शिक्षणात सर्वांत स्वस्त असते ती फी. महाग पडतो तो सलग तास. इतिहासाचं पान अर्धवट सोडून परत धरता येतं. सिद्धता मध्येच सोडली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

आधी ठरवा: पदवी हवी की विषय हवा?

खर्चाचे आकडे या एकाच उत्तरावर अवलंबून आहेत. परत येणारे साधारण चार प्रकारचे असतात.

पहिले, ज्यांची पदवी अर्धवट आहे. त्यांनी नवा फॉर्म भरण्याआधी जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गुणपत्रिका घेऊन जावं. जुन्या पॅटर्नचे राहिलेले पेपर अजून देता येतात का, की मुदत संपली, हे तिथेच कळेल. मुदत संपली असेल तर झालेल्या वर्षांचे क्रेडिट दुसरीकडे धरले जातील का, याचं उत्तर लेखी मागा. तोंडी ‘होईल हो मॅडम’वर विसंबू नका.

दुसरे, पदवीधर आहेत पण एम.एस्सी. करायची आहे. बहुतेक शिक्षक असतात. तिसरे, ज्यांना डेटा, बँकिंग किंवा स्पर्धा परीक्षेसाठी लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता असे एक-दोन विषय पक्के करायचे आहेत. चौथे, ज्यांना गणित आवडतं, बस्स. तिसऱ्या-चौथ्या प्रकारात मोडत असाल तर पदवीच्या फॉर्मपासून लांब राहा. तुमचं काम हजार-दोन हजारांत होतं.

वाटा आणि त्यांचे दर

नियमित महाविद्यालय. अनुदानित महाविद्यालयात फी फारशी नसते, पण ७५ टक्के हजेरी लागते. सकाळचे तास आणि घरची सकाळ एकाच वेळी येते. नोकरी नसेल आणि मुलं मोठी असतील तरच हा विचार करा. शिकण्यासाठी मात्र ही सर्वांत चांगली वाट आहे, कारण फळ्यासमोर अडलेलं तिथल्या तिथे विचारता येतं.

इग्नू. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या मुक्त विद्यापीठाची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत. बीएस्सीला बारावी विज्ञान शाखेची लागते, वयाची अट नाही. पदवी तीन वर्षांत पूर्ण करता येते आणि कमाल मुदत सहा वर्षांची आहे. फी वर्षाला साधारण पाच-सहा हजारांच्या घरात जाते. नेमका आकडा त्या-त्या सत्राच्या माहितीपत्रकात पाहून घ्या, कारण अभ्यासक्रमाची रचनाही बदलत असते. लेखी पेपरला प्रत्येकी २०० रुपये परीक्षा फी वेगळी. गुणांत असाइनमेंटचा वाटा ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा ७० टक्के.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सहा वर्षं घेतली म्हणून फी सहा वेळा भरावी लागत नाही. ती तीनच वर्षांची असते, नंतर ज्या पेपरला बसाल त्याची परीक्षा फी. एखाद्या वर्षी घरात दहावी-बारावी असेल किंवा आजारपण असेल, तर पुढच्या वर्षाची नोंदणी लांबवता येते. कमाल मुदतीचं घड्याळ मात्र चालूच राहतं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. १९८९ पासूनचं हे राज्याचं मुक्त विद्यापीठ. जिल्ह्या-तालुक्यांत अभ्यासकेंद्रं असल्याने गावाकडच्या माणसाला सोयीचं. फॉर्म भरण्याआधी केंद्रावर जाऊन एकच प्रश्न विचारा: ‘गणिताचे संपर्कवर्ग खरंच होतात का, आणि घेतं कोण?’ केंद्र चांगलं की नाही, ते या उत्तरावरून समजतं.

मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण. जुने लोक अजून ‘आयडॉल’च म्हणतात. कालिन्याच्या आवारातल्या या केंद्रात गणितात एम.ए. आणि एम.एस्सी. करता येतं. पदवीधर शिक्षकांसाठी ही ओळखीची वाट आहे.

एनपीटीईएल. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून चालवलेले हे ऑनलाइन अभ्यासक्रम. शिकणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १,००० रुपये भरायचे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. गुणांत साप्ताहिक असाइनमेंटचा वाटा २५ टक्के, परीक्षेचा ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. म्हणजे घरात पाहुणे आले, पोर आजारी पडलं, असे चार आठवडे माफ. संसारी माणसाला याहून चांगली अट मिळायची नाही.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बीएस पदवी. ही २०२० मध्ये सुरू झाली. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. बारावी कला-वाणिज्य झालेल्यांना गणिताकडे परतण्याची ही खरी वाट आहे. फी दूरशिक्षणापेक्षा बरीच जास्त, पण उत्पन्नानुसार ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. आधी पात्रता फेरी पार करावी लागते.

फीच्या पावतीवर न दिसणारा खर्च

छापील पुस्तकं की पीडीएफ? इग्नूत छापील साहित्य नको म्हटलं तर फीत १५ टक्के सूट मिळते. साडेपाच हजारांवर ती होते आठशे रुपये. लगेच हो म्हणू नका. गणित मोबाइलच्या पडद्यावर वाचून होत नाही. उदाहरण एका पानावर आणि प्रमेय चार पानं मागे, बोट घालून उलटसुलट करावं लागतं. एका विषयाचे सगळे ब्लॉक, म्हणजे पाठपुस्तिका, झेरॉक्सवाल्याकडे छापून स्पायरल केले की चार-पाचशे गेले, आणि वर्षाला विषय असतात सात-आठ. गणितासाठी छापील संच घ्यावा, असंच मी सांगेन.

पुस्तकं. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोश संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं, प्रवेश घेतलेला असो वा नसो. वेगळं पुस्तक घ्यायचंच तर एका विषयाला एक. पुण्यात अप्पा बळवंत चौकात शांतिनारायण यांची कॅल्क्युलसची पुस्तकं जुन्यात मिळतात. रिअल अॅनालिसिससाठी बार्टल आणि शेरबर्ट यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती मागा. पुण्यात राहत असाल तर गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाच्या ग्रंथालयाचीही चौकशी करा.

कॅल्क्युलेटर. घेऊ नका. पदवीच्या गणिताच्या बऱ्याच प्रश्नपत्रिकांवर तो वापरू नये असं छापलेलंच असतं. आलेख पाहायला मोबाइलवर जिओजेब्रा फुकट आहे.

शिकवणी. बीएस्सीच्या गणिताचे चांगले शिकवणारे कमी आहेत. मी चौकशी केली तेव्हा तासाला चारशे ते आठशे रुपये सांगितले गेले. महिन्याची शिकवणी लावू नका. अडलेली गणितं वहीत जमवत जा, दहा झाली की एक तास घ्या. वर्षाला दहा तास पुरतात.

प्रवास. गणिताच्या संपर्कवर्गांना हजेरीची सक्ती सहसा नसते, प्रॅक्टिकलला मात्र असते. गणिताबरोबर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलं की प्रयोगशाळेचे दिवस आले. तेवढे दिवस घर कोण बघणार, हे विषय निवडतानाच ठरवा. बाहेरगावाहून येणाऱ्या महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. बजेटमध्ये ते जरूर धरा.

कागदपत्रं. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक आणि यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी क्रमांक लागतो. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट निघतात. माझ्याकडे एका एजंटने ‘सगळी प्रोसेस करून देतो’ म्हणत तीन हजार मागितले होते. ते काम दहावीतल्या लेकीने अर्ध्या तासात केलं. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं तर साध्या कागदावर चालेल का, हे आधी विचारा आणि मगच स्टॅम्पपेपरच्या रांगेत उभे राहा.

तासांचं अंदाजपत्रक

इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. कॅल्क्युलसचा पेपर सहा क्रेडिटचा, म्हणजे १८० तासांचा. सीबीसीएस पद्धतीच्या बीएस्सीला १३२ क्रेडिट, म्हणजे ३,९६० तास. आता भागाकार करू. तीन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २५ तास लागतात. ती अर्धवेळ नोकरीच झाली. सहा वर्षांत संपवायचं तर आठवड्याला १३ तासांच्या जवळपास. रोज एक तास आणि रविवारी दोन, असे आठ तास काढू शकत असाल तर एक पेपर साडेबावीस आठवड्यांत, म्हणजे एका सत्रात, नीट बसतो. पण पदवी सहा वर्षांत बसत नाही. साडेनऊ वर्षं लागतील.

हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. भाषेच्या आणि सोप्या पेपरांना एवढे तास लागत नाहीत, तिथे उसंत मिळते. गणिताला मात्र पूर्ण लागतात, बऱ्याचदा जास्तच. तेव्हा आठवड्याला तेरा तास निघत नसतील तर आज पदवीचा फॉर्म भरू नका. एनपीटीईएलचा एक अभ्यासक्रम करा, वर्षभर घराची घडी बसू द्या, मग ठरवा.

तास मोजायचे कसे? आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो: ‘दीड’, ‘दीड’, ‘खाडा’. मी त्याखाली निळ्या पेनने गणिताचे तास मांडू लागले. पहिल्या महिन्याच्या शेवटी दूध झालं ४२ लिटर आणि गणित ११ तास. मला वाटत होतं मी रोज बसते. खाडे मोजल्यावर खरं काय ते कळलं.

तास आणायचे कुठून?

दोनच मार्ग आहेत. विकत घ्यायचे किंवा घरातून मागून घ्यायचे.

विकत घ्यायचे म्हणजे पोळ्यांना मावशी लावणं. आमच्या भागात चौघांच्या पोळ्यांचे महिन्याला दोन हजार. दहा महिन्यांचे वीस हजार झाले, म्हणजे विद्यापीठाच्या फीच्या तिप्पट-चौपट. पण त्याने रोज पाऊण तास सुटतो, तोही संध्याकाळचा. क्लासला पैसे घालायचे की पोळ्यांना, असा प्रश्न आला तर मी पोळ्यांच्या बाजूची. शिकवणीत गणित समजतं, पण जमतं ते एकट्याने बसल्यावर.

मागून घ्यायचे तर नेमके मागा. ‘मला थोडी मदत करा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि काही होत नाही. आमच्याकडे ठरलं ते असं: मंगळवार, गुरुवार रात्रीचं जेवण आणि ओटा ह्यांच्याकडे. रविवारी सकाळी सात ते नऊ मला कुणी हाक मारायची नाही. सासूबाईंनी पहिल्या रविवारी विचारलं, ‘अगं, या वयात पास होऊन करायचंय काय?’ मी म्हटलं, ‘आई, तुम्ही रोज शब्दकोडं सोडवता ते कशासाठी?’ पुढच्या रविवारी त्यांनीच दाराशी आलेल्या शेजारणीला परत पाठवलं.

वर्षाचं पंचांगही पाहा. एनपीटीईएलच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा ऑक्टोबरअखेर येते, कधी ऐन फराळाच्या घाईत. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला. जूनचा पेपर म्हणजे शाळा उघडण्याचे, वह्या-दप्तराचे दिवस. डिसेंबरच्या परीक्षेच्या असाइनमेंटची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गणपती आणि नवरात्राच्या आसपास. त्या मुदती अनेकदा वाढतात. वाढतील असं धरून चालू नका. असाइनमेंट श्रावण संपायच्या आत संपवा.

गंज काढण्याचा महिना

वीस वर्षांच्या खंडानंतर थेट पदवीच्या पुस्तकाला हात घातला की अडतं ते नव्या कल्पनांवर नाही. अवयव, लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची सूत्रं यांवर अडतं. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. त्यांतली फक्त उदाहरणसंग्रहांची गणितं करा, धडे वाचत बसू नका. सोबत ई-ज्ञानकोशावरचा कॅल्क्युलसचा पहिला ब्लॉक उतरवून घ्या. लिनिअर अल्जिब्राची भीती असेल तर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं ऐका, तीही फुकट आहेत.

हा महिना प्रवेश घेण्याच्या आधीचा. महिन्याच्या शेवटी ब्लॉकमधला एक घटक सोडवून झाला असेल आणि कालनिर्णयावर पन्नासेक तास दिसत असतील तर फी भरा. नसतील तर तुमचे पाच-सहा हजार वाचले.

एका वर्षाचा नमुना हिशेब

इग्नूची बीएस्सी, चौकोनी कुटुंब, शहरात घर, असं धरून:

- वार्षिक फी: ६,०००
- आठ पेपरांची परीक्षा फी: १,६००
- जुनी पुस्तकं: १,०००
- वह्या, पेनं, कच्चे कागद: ६००
- जुन्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्स: ८००
- प्रवास: १,२००
- अडलेल्या गणितांची दहा तासांची शिकवणी: ५,०००

एकूण १६,२०० रुपये. शिकवणी वगळली तर ११,२००. पोळ्यांच्या मावशींचे २०,००० धरले तर ३६,२००. नापास झाल्यास पेपरामागे पुन्हा २०० रुपये. गणितात एखादा पेपर राहणं ही काही नामुष्की नाही. बजेटमध्ये दोन पेपर तसेच धरून ठेवा.

सवलती आणि सावधगिरी

मुलींना उच्च शिक्षण मोफत, ही २०२४ ची राज्य शासनाची घोषणा व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आणि केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. दूरशिक्षणातल्या बीएस्सीला ती मिळेल असं गृहीत धरू नका. जुन्या कररचनेत मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते, स्वतःच्या फीची मिळत नाही. नोकरी करत असाल तर कार्यालयात उच्च शिक्षणाची फी परत मिळण्याची सोय आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. अशा सोयींत बहुधा पूर्वपरवानगी मागतात.

‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षा घरबसल्या’ अशी जाहिरात दिसली की तिथून निघा. दूरशिक्षणाचा कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, त्याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव, दोन्ही तिथे दिसली पाहिजेत. फी फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरा आणि पावती छापून फाइलला लावा.

फॉर्म भरायच्या आदल्या रात्री

- पदवी हवी की विषय, हे एका वाक्यात लिहा.
- गंज काढण्याच्या महिन्यातले तास आणि खाडे मोजा.
- कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोण काय सांभाळणार, ते सगळ्यांदेखत ठरवा.
- येत्या दोन वर्षांत घरात दहावी, बारावी, लग्न, शस्त्रक्रिया काय आहे ते पाहा.
- राहणाऱ्या पेपरांसाठी ४०० रुपये आत्ताच बाजूला काढा.

माझ्या कालनिर्णयावर गेल्या महिन्यात दूध ४२ लिटर होतं, गणित ५१ तास. खाडे चार. त्यांतले दोन दूधवाल्याचे.